पोरांना कोण सांगतं?

पोळ्याच्या दिवशीची गोष्ट. साल 2023. भोपाळच्या आमच्या वस्तीत बैल कुठून दिसणार? पण घरी पुरण होतंच, आणि मुलीच्या लहानपणचा लाकडी नंदी माळ्यावरून उतरतो. त्या दिवशी माझा भाचा जेवायला आला होता. तो इथल्या एका खासगी कॉलेजात इंजिनिअरिंग शिकतो आणि इंद्रपुरीत तीन पोरांबरोबर खोली घेऊन राहतो. सणावाराला आम्ही पाटावर बसून जेवतो. तो काही पाटावर बसेना.

"पाय भरून येतो मामाजी, मी खुर्चीवरच घेतो."

एकोणीस वर्षांच्या पोराचा पाय भरून येतो! मी हसलो आणि विषय सोडला. तो गेल्यावर भांडी आवरता आवरता सौ. म्हणाली, "पोराची चाल पाहिली का? पाय फाकवून चालत होता. तुम्ही पण असेच चालत होते त्या वर्षी."

"कोणत्या वर्षी?"

"2009 साली. मला काय दिसलं नाही वाटतं?"

चौदा वर्षं मी समजत होतो, की ती गोष्ट माझ्या आणि डॉक्टरच्या पलीकडे कुणालाच माहीत नाही.

वाचकहो, विषय जरा अवघड आहे. कुटुंबाच्या पानावर हे काय, असं कुणाला वाटेलही. पण अशा पानांवर बाळंतिणीचा आहार येतो, मुलींच्या पाळीविषयी डॉक्टर बाई मोकळेपणी लिहितात, आणि ते चांगलंच आहे. फक्त पोरांच्या कमरेखालच्या स्वच्छतेवर कुणी चार ओळी लिहिलेल्या मला आठवत नाहीत. भाच्याला विचारूनच हे लिहितोय. "लिहा मामाजी, पण नाव नको," एवढंच तो म्हणाला.

मी मूळचा वरूडचा. 1983 साली कारखान्यात उमेदवारी करायला भोपाळला आलो आणि इथलाच झालो. 1 नोव्हेंबर 1956 ला मध्य प्रदेश नव्याने बनला, राजधानी भोपाळ झाली, आणि नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबं ट्रंका-वळकट्या घेऊन इथे आली. त्यांच्यामुळे पुढे माझ्यासारख्यांना हे गाव परकं वाटलं नाही. पहिल्या वर्षी बरखेड्यात एका खोलीत आम्ही पाच जण होतो. पाच जणांत दोन बादल्या, एक आरसा आणि खिडकीतून खिडकीत बांधलेली एक दोरी. टॉवेल ज्याचा हाती लागेल त्याचा. पावसाळ्यात कपडे वाळायचेच नाहीत. सकाळी सातची पाळी असली की अर्धवट ओली चड्डी तशीच चढवायची, वरून जाड खाकी पँट, आणि भट्टीसारख्या शेडमध्ये आठ तास. ऑगस्ट संपेपर्यंत पाचही जण जांघा खाजवत होते. आम्ही त्यावर विनोद करायचो. रेडिओवर दाद-खाज-खुजलीच्या मलमाची जाहिरात लागली की एकमेकांकडे पाहून हसायचो. विनोद सगळे करायचो, बोलत मात्र कुणी नव्हतं. दिवाळीनंतर थंडी पडली आणि ते आपोआप कमी झालं. पुढच्या आषाढात पुन्हा.

माझे वडील वरुडात शिक्षक होते. मोठे वाचक. रघुनाथ धोंडो कर्व्यांबद्दल ते फार आदराने बोलायचे. कर्व्यांनी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि 1953 साली मृत्यू येईपर्यंत एकट्याने चालवलं. अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. 1934 च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. हे सगळं बाबांनी मला दहावीच्या सुट्टीत सांगितलं होतं. पण अंघोळ करताना कातडी मागे घेऊन पाण्याने धुवायची असते, हे एक वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. मला वाटतं त्यांना शब्दच सापडले नसतील. आपल्या भाषेत त्या भागाला दोनच तऱ्हेची नावं आहेत. एक शिवीतली, एक जीवशास्त्राच्या पुस्तकातली. बापाने पोराशी बोलताना वापरावं असं तिसरं नाव कुणी करूनच ठेवलेलं नाही.

त्या मानाने माझे काका बरे. ते अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या आखाड्यात वाढलेले. हे मंडळ 1914 सालचं. त्याचं पथक 1936 साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळ दाखवून आलं, याचा काकांना असा अभिमान, की जणू तेच जाऊन आले. काका लंगोट रोज स्वतःच्या हाताने धुवायचे आणि अंगणातल्या तारेवर, भर उन्हात, सगळ्यांच्या देखत वाळत घालायचे. काकू कुरकुरायची. काका म्हणायचे, "लंगोट आणि तलवार सावलीत ठेवू नये." आम्ही पोरं हसायचो. तलवार उन्हात कशाला ठेवायची, ते मला अजून कळलेलं नाही. लंगोटाचं मात्र कळलं, पण फार उशिरा.

आता 2009. मी सत्तेचाळीस वर्षांचा. लघवीच्या जागेची पुढची कातडी लाल व्हायची, आत पांढरा थर धरायचा, आग व्हायची. आठ दिवस बरं, पुन्हा तेच. मग कातडीला बारीक चिरा पडायला लागल्या आणि ती मागे सरेना. मी काय केलं असेल? घरात जंतुनाशक द्रावाची बाटली होती, ती पाण्यात ओतून धुतलं. नंतरचा अर्धा तास न्हाणीघराच्या दाराला टेकून कसा काढला, ते माझं मला ठाऊक. पाच महिने असे काढले. बायकोला सांगितलं नाही. मनात एक घाण शंका होती, की हिला वाटेल मी कुठे बाहेर... ते वाक्य मी मनातसुद्धा पूर्ण करत नव्हतो.

शेवटी डॉक्टरकडे गेलो. त्यांनी दोन मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "साखर कधी तपासली होती?" मला वाटलं, यांनी माझं ऐकलंच नाही. मी काय सांगतोय आणि हे काय विचारतायत! दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त दिलं. साखर 212 निघाली. लघवीतून साखर जायला लागली की त्या ओल्या, बंद जागेत बुरशीला आयतं खाद्य मिळतं. मोठ्या माणसाला हा त्रास पुन्हा पुन्हा होत असेल, किंवा आजवर नीट मागे सरणारी कातडी घट्ट व्हायला लागली असेल, तर आधी मधुमेह आहे का ते पाहायचं असतं. मला तहान लागत नव्हती, वजन उतरलं नव्हतं. माझ्या मधुमेहाने पहिली चिठ्ठी तिथे टाकली होती आणि मी लाजेपायी ती पाच महिने उघडली नाही.

म्हणून पोळ्याच्या रात्री मला झोप आली नाही.

पुढच्या रविवारी मी भाच्याला फोन केला, म्हटलं, चल, तलावावर चक्कर मारून येऊ. अवधपुरीहून बडा तालाब बराच लांब आहे आणि माझी स्कूटर म्हातारी. पण स्कूटरचा एक फायदा असतो. पुढच्याला मागच्याचं तोंड दिसत नाही. पुरुषमाणसांनी अवघड बोलायचं तर स्कूटरसारखी जागा नाही. निम्मा रस्ता कॉलेज, मेस, मॅच. रोशनपुऱ्याच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा मी समोर पाहूनच म्हटलं, "जांघेत खाज सुटते का रे?"

मागून काही आवाज नाही. सिग्नल हिरवा झाला. गाडी बरीच पुढे गेल्यावर तो म्हणाला, "आठ महिने झाले मामाजी."

वनविहारच्या दाराशी चहा घेतला आणि तलावाकडे तोंड करून बसलो. मग सगळं बाहेर आलं. जानेवारीत जांघेत एक लाल गोल चट्टा उठला. खोलीतल्या पोराने सांगितलं म्हणून औषधाच्या दुकानातून ट्यूब आणली. तीन दिवसांत खाज गेली, चट्टा फिका पडला. ट्यूब थांबवली, आठवड्यात दुप्पट. पुन्हा ट्यूब. दुसरी कंपनी, तिसरी कंपनी. चट्टा कमरेपर्यंत आला, मागे गेला, पोटावर आला. जीन्स घातली की जीव जायचा, म्हणून त्याने प्रॅक्टिकलं बुडवली.

मग एप्रिलमध्ये घरी जाताना रेल्वेतून त्याला भिंती दिसल्या. आपल्या सगळ्यांना त्या भिंती माहीत आहेत. पांढऱ्या चुन्यावर निळी-लाल अक्षरं, गुप्तरोग, जुनाट, हमखास, आणि खाली फोन नंबर. अशा रोगांच्या औषधांच्या जाहिरातींवर 1954 च्या कायद्याने बंदी आहे. भिंतींना कायदा वाचता येत नाही. भाच्याने नंबर लावला. स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये बसलेल्या माणसाने त्याला तपासलंसुद्धा नाही. नाडी धरली, झोपेत कपडे ओले होतात का ते विचारलं, आणि 'धातू जातो, त्याची उष्णता जांघेत फुटली आहे, आत्ता आवरलं नाही तर लग्नाच्या कामाचा राहणार नाहीस' असं सांगून दोन पुड्यांचे साडेआठ हजार घेतले. मेसचे पैसे होते ते. पुढचे दोन महिने पोराने एक वेळ जेवून काढले. घरी कळू दिलं नाही.

झोपेत आपोआप कपडे ओले होणं या वयात इतकं साधं आहे, की त्याला दुखणं म्हणणं म्हणजे मिसरूड फुटण्याला दुखणं म्हणणं. पण हे त्याला कोण सांगणार होतं?

चहाचा ग्लास हातात तसाच धरून त्याने विचारलं, "मामाजी, मी घाणेरडा आहे का? मी तर कुठे गेलो नाही, कुणाच्या नादी लागलो नाही."

मी त्याला उपदेश केला नाही. 2009 सालची माझी गोष्ट सांगितली. जंतुनाशकाच्या बाटलीसकट. तो आधी ऐकत राहिला, मग एकदम हसला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच हसलो, असं नंतर मामीला म्हणाला.

दोन दिवसांनी त्याला सरकारी दवाखान्यात चर्मरोगाच्या बाह्यरुग्ण विभागात नेलं. रांगेत निम्मे याच वयाचे पोरं. सगळे भिंतीकडे तोंड करून उभे. डॉक्टर बाई होत्या. भाचा दारातूनच परत फिरला असता, मी दंड धरून आत नेला. बाईंनी आधी सगळ्या ट्यूबा टेबलावर मांडायला सांगितल्या. पाच निघाल्या. त्यांनी पाचही उलट्या करून बारीक अक्षरं मला वाचायला लावली. कुठे क्लोबेटासॉल, कुठे बीटामेथासोन, कुठे बेक्लोमेथासोन. "ही सगळी स्टेरॉइड्स," त्या म्हणाल्या. "खाज दाबतात म्हणून तीन दिवसांत बरं वाटतं. पण तिथली प्रतिकारशक्तीही दाबतात, आणि बुरशी खालून पसरते."

ते साधं गजकर्ण होतं. आपला नायटा. त्याचा धातूशी, चारित्र्याशी, कशाशी संबंध नाही. घाम, ओल, घट्ट कपडे आणि दुसऱ्याचा टॉवेल, एवढ्यावर ते जगतं. बाईंनी चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून काचेवर घेतला, त्यावर औषधाचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे भाच्याला दाखवले. मला हे फार आवडलं. ज्याला आठ महिने पाप समजून बसला होता, ते त्याने डोळ्यांनी पाहिलं.

जांघेत फिकट जांभळ्या चिरांसारखे वळ उठले होते, गरोदर बाईच्या पोटावर उठतात तसे. ते स्टेरॉइडने कातडी पातळ होऊन पडलेले. फिके होतील, पण जाणार नाहीत, असं बाईंनी स्पष्टच सांगितलं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत हा नायटा आपल्याकडे भलताच चिवट झाला आहे, म्हणाल्या. एका जातीला तर 2020 साली नावच 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असं दिलं गेलं, त्यात आपल्या देशाचं नाव आहे. नेहमीच्या गोळ्यांना ती दाद देत नाही. 2023 मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण सापडले. जगात नाव करायला आपल्याला हेच सापडलं! स्टेरॉइडची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून 2018 साली सरकारने नियम कडक केले. भाच्याला पाच ट्यूबा मिळाल्या, चिठ्ठी एकही नव्हती.

उपचार काही जादूचे नव्हते. पोटात घ्यायच्या गोळ्या, साधं बुरशीचं मलम, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही आणखी काही आठवडे औषध चालू. स्टेरॉइड बंद केल्यावर आधी भडकेल, घाबरायचं नाही. मग बाईंनी विचारलं, "खोलीत आणखी कुणाला आहे? घरी कुणाला आहे?" खोलीतल्या तिघांना होतं. "घरी कुणाला नाही," भाचा म्हणाला.

त्या संध्याकाळी मी इंद्रपुरीतल्या खोलीवर गेलो. चाळीस वर्षांनी मी माझ्याच बरखेड्याच्या खोलीत पाऊल टाकलं असं वाटलं. तीच दोरी, तोच कुबट वास. फक्त आरशाच्या जागी चार मोबाइल. दोरीवर टॉवेल, आणि टॉवेलाखाली लपवलेल्या चड्ड्या. पोरांनाही आतले कपडे लपवायचे असतात, हे त्यांनी आईबहिणींचं पाहून उचललेलं. टॉवेल ओला, खालची चड्डी ओली, वर पंखा, सूर्याचं दर्शन नाही.

चौघांना पलंगावर बसवलं. मला घाम फुटला होता. आयुष्यात इतकं अवघड भाषण केलं नाही. त्यांतला एक अस्सल भोपाळी होता, दुसरा सिवनीचा, तिसरा बैतूलकडचा, म्हणून सगळं हिंदीतून. डॉक्टर बाईंनी सांगितलेलं आणि माझ्या जिवावर शिकलेलं, दोन्ही मिसळून सांगितलं. रोज अंघोळीत तो भाग धुवायचा. बाहेरून साधा साबण चालेल. कातडी हळूच, जेवढी सहज जाईल तेवढीच मागे घ्यायची, आतून नुसतं पाणी, आणि धुऊन झाल्यावर ती पुन्हा पुढे आणायची. आत पांढरा साका जमतो तो रोग नव्हे, मेलेली कातडी आणि तेल असतं ते, पाण्याने जातं. डेटिंगच्या भीतीने सुगंधी फवारे मारायचे नाहीत. जांघा कोरड्या करायच्या, चोळून नव्हे, टिपून. टॉवेल ज्याचा त्याचा. आणि एक गंमत, जी मला स्वतःला त्या दिवशीच कळली होती. पायाच्या बोटांमध्ये चिखल्या असतील तर आधी मोजे घालायचे आणि मग चड्डी. नाहीतर चड्डी चढवताना पायाची बुरशी वर येते. हे ऐकून चौघं खो खो हसले. पण मला खात्री आहे, बाकी सगळं विसरतील, मोजे विसरणार नाहीत.

मग प्रश्न सुरू झाले. थांबेचनात. खालचे केस वस्तऱ्याने काढावेत का? गरज नाही, कात्रीने आखूड केले तरी पुरे, वस्तऱ्याने बारीक जखमा होतात, फोड येतात. एका बाजूची गोळी खाली लोंबते, हा दोष आहे का? नाही, बहुतेकांची तशीच असते. अंघोळीत कधी हाताला न दुखणारी गाठ लागली तर मात्र लाजू नका, तरुण वयातच तिथला कर्करोग जास्त दिसतो आणि लवकर कळला तर बरा होतो. एका बाजूला अचानक असह्य कळ आली तर सकाळची वाट पाहायची नाही, गोळी आतल्या आत पिळली गेलेली असू शकते, आणि पाच-सहा तासांत ऑपरेशन झालं नाही तर ती गमवावी लागते. मागे घेतलेली कातडी अडकून पुढे येईना आणि सूज चढली, तर तेव्हाही सरळ दवाखाना.

हे शेवटचे दोन मुद्दे मी 2009 नंतर वाचून ठेवले होते, कुणाला सांगायची वेळ आली नव्हती.

सिवनीचा पोरगा गप्प होता. बाकीचे चहा आणायला गेल्यावर त्याने हळूच विचारलं, की त्याची कातडी लहानपणापासून मागे जातच नाही, कुणाला विचारायचं? त्याला सर्जनकडे पाठवलं. मलमाने काम होतं की छोटं ऑपरेशन लागतं, ते डॉक्टर ठरवतील. (आयांनो, लहान बाळाची कातडी बळेच मागे ओढू नका. तिथे ती मुळात चिकटलेलीच असते, वाढत्या वयात हळूहळू सुटते.) भोपाळी पोरगा मला खाली सोडायला आला. म्हणाला, "खाँ अंकल, ये सब पहले किसी ने क्यों नहीं बताया?" मी स्कूटरची किल्ली शोधत राहिलो.

दिवाळीपर्यंत चौघेही बरे झाले. दोरी गच्चीवर गेली. भाचा सणाला वरूडला जाऊन आला, आणि डिसेंबरात त्याचा फोन. "मामाजी, पुन्हा आलं." बाकी तिघांना काही नाही, याला एकट्यालाच. डॉक्टर बाईंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, "घरी कुणाला आहे?" पुन्हा तेच उत्तर.

मग मी बहिणीला फोन लावला. खरं म्हणजे भाच्याने आईला सांगायला मनाई केली होती, पण बोललो. तिकडे बराच वेळ शांतता, मग हुंदका. "पोरीले मी सारं समजावून सांगितलं दादा. पहिल्यांदा पाळी आली तवा कपडा, पॅड, सारं. शाळेतल्या बाईनंही सांगितलं. याले मी फक्त 'नीट धूत जा' एवढंच म्हणलं. आईनं पोराले आणखी काय सांगावं?" तिचं काय चुकलं? तिने ते माणसाचं काम समजून नवऱ्यावर सोडलं. नवऱ्याने ते शाळेवर सोडलं. शाळेने पुस्तकातला तो धडा घरी वाचायला सांगितला. 2014 पासून सरकारचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत सल्ल्याची वेगळी सोय आहे. तिथे मुलगेही जाऊ शकतात, हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. माझ्या घरात तरी कुठे होतं?

बहिणीला म्हटलं, तुझ्या घरातले टॉवेल, पांघरुणं गरम पाण्यातून काढ, उन्हात टाक, आणि कुणाला खाज आहे का ते विचार. "कोणाले नाही दादा," ती म्हणाली.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी भाऊजींचा फोन आला. ते स्वतःहून मला वर्षात दोनदा फोन करतात. संत्र्याचे भाव सांगितले. मृग बहार कसा गेला, व्यापाऱ्याने बाग किती पाडून मागितली, सगळं सांगितलं. पोराचा अभ्यास विचारला. मी म्हटलं, ठीक आहे. मग ते थांबले. मागे टीव्हीचा आवाज येत होता, तो बंद झाला. दार लावल्याचा आवाज आला.

"भाऊ," ते हळू आवाजात म्हणाले, "ते मलेही आहे."

"किती दिवसांपासून?"

"झाले असतील तीन साल."

"ट्यूबा किती लावल्या?"

तिकडून उत्तर आलं नाही. ते मोजत होते.